बेट ठरेपर्यंत

माझ्या नणंदबाई कवळ्या करायच्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा कुणी विचारलं, सासरी कोण काय करतं, की बाकीच्यांचं पटकन सांगून व्हायचं आणि वन्संपाशी येऊन मी अडखळायचे. “दातांच्या डॉक्टर का?” समोरचा विचारायचा. तसं नव्हतं. डॉक्टर माणसाच्या तोंडाचा ठसा घेतो आणि पाठवून देतो. त्या ठशात प्लॅस्टर ओतून त्या माणसाचा जबडा उभा करायचा, त्यावर मेणात दात मांडायचे, मग मेणाच्या जागी गुलाबी हिरडी घडवायची, घासून गुळगुळीत करायची आणि डबीत घालून परत पाठवायची, हे वन्संचं काम. माणूस कधी दिसायचाच नाही. दिसायचं ते त्याचं तोंड, तेही प्लॅस्टरचं.

घरी यायच्या तेव्हा त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या असायच्या. माझी धाकटी लहान असताना म्हणायची, “आत्या सकाळी आत्या असते आणि संध्याकाळी आजी होते.” लग्न त्यांनी केलं नाही, किंवा झालं नाही. स्थळं यायची त्या काळात सासूबाई अंथरुणाला खिळल्या आणि सासूबाई गेल्या तोवर स्थळं यायची थांबली. धाकट्या भावाच्या, म्हणजे आमच्या, घरातली मागची खोली त्यांची. खोलीत पलंग, कपाट आणि खिडकीत एक लहानसं टेबल, त्यावर घासायचं छोटं यंत्र. राहिलेलं काम त्या घरी आणायच्या.

त्या कवळ्यांच्या ज्या कारखान्यात होत्या, त्याच्या जुन्या मालकांनी त्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट सांगितली होती. कवळी बसली नाही तर तोंडाला दोष द्यायचा नाही. तोंड चुकत नसतं, चूक आपली. वन्संनी ती फक्त कामापुरती ठेवली नाही. दार अडकलं तर “मीच नीट लावलं नसेल.” दुकानदारानं नासकं दूध दिलं तर “मीच उशिरा तापवलं.” मी कधीकधी चिडायचे. “वन्सं, जगात एखादी चूक दुसऱ्याचीही असू दे की हो!” त्यावर त्या हसायच्या आणि म्हणायच्या, “मीच तुला तसं बोलायला लावलं.”

समुद्राखाली जायचं त्यांच्या डोक्यात आलं ते टीव्हीवरून. मुली काहीतरी लावून बसल्या होत्या. वन्सं चहाचा कप घेऊन उभ्या राहिल्या, त्या चहा गार होईपर्यंत. पडद्यावर प्रवाळ होतं. “अगं, हा रंग बघ,” त्या मला म्हणाल्या. “ही हिरडी आहे. जिवंत, निरोगी हिरडी. हा रंग काढायला आम्ही किती मरतो, आणि इथे नुसता पसरलाय.”

पुढच्या आठवड्यात त्या तरणतलावावर पाणबुड्यांच्या वर्गात नाव घालून आल्या. माझे यजमान ताटावरून उठायचेच बाकी होते. “ताई, तू पन्नाशी ओलांडलीस!”

“पाण्याला काय कळतंय?” वन्सं म्हणाल्या.

तिथे त्यांना लिफ्टवाले भेटले. म्हणजे जन्मभर लिफ्ट दुरुस्त केलेले आणि आता घरी बसलेले एक गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, लेक त्याच गावात नांदणारी. उंच, किडकिडीत, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. लिफ्टच्या विहिरीत शिडीनं चढून उतरून ते झिजले, असं ते सांगायचे. “आयुष्यभर लोकांना वर नेलं,” ते म्हणायचे, “आता म्हटलं स्वतः जरा खाली जाऊन बघावं.”

पाण्याखाली हवेची नळी दातांनी धरावी लागते. नळीच्या टोकाला रबरी तुकडा असतो, तो चावून ठेवायचा. लिफ्टवाल्यांना दातच नव्हते, होती ती कवळी. पहिल्याच दिवशी त्यांनी नळी घट्ट चावली, खालची कवळी सुटली आणि डुलत डुलत तलावाच्या तळाशी जाऊन बसली. वर्गातली पोरं हसत राहिली. वन्संनी डुबकी मारली, कवळी घेऊन वर आल्या आणि काठाला धरून ती उलटसुलट बघत राहिल्या.

“अहो, द्या ना,” लिफ्टवाले हात पुढे करून बोबडं बोलले.

“हा एक दात वाकडा बसवायला तुम्हीच सांगितला होता का?”

लिफ्टवाले बघतच राहिले. त्यांनीच सांगितलं होतं. दात काढायच्या आधी तो तसाच वाकडा होता. सरळ दातांनी घरी गेलो तर बायको ओळखायची नाही, असं त्यांनी डॉक्टरला सांगितलं होतं, आणि डॉक्टरनं ते जसंच्या तसं कारखान्यात कळवलं होतं. वन्संनी सगळी वर्षं मनात ठेवलं होतं, की कोण असेल हा माणूस.

“मीच केलीये ही,” वन्सं म्हणाल्या आणि कवळी त्यांच्या हातावर ठेवली.

त्या रात्री जेवताना वन्संनी जाहीर केलं, “मला जोडीदार मिळाला.”

यजमानांच्या हातातला घास हातातच राहिला. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या.

“कुठे?” मी कसंबसं विचारलं.

“तलावात. लिफ्ट दुरुस्त करायचे. आता निवृत्त आहेत. दात नाहीत.”

“एकही?” धाकटीनं विचारलं.

“एकही नाही. सगळे मी केलेले.”

मग उलगडा झाला. पाण्याखाली एकट्यानं जायचं नसतं. प्रत्येकाला एक जोडीदार ठरवून देतात. एकानं दुसऱ्याची हवा बघायची, हातानं खूण करून विचारायचं, बरं आहे ना. सगळे सुटल्यासारखे हसले. यजमान तर जरा जास्तच हसले. “मला वाटलं आता या वयात मला मेव्हणा मिळतोय!” वन्संही हसल्या, पण ताटातला भात त्यांनी एका कडेला लोटला आणि उठल्या. आमचं ते हसणं त्यांना लागलं असावं. त्या तसं कधी बोलल्या नाहीत.

वर्ग शिकवणारे सर दरवर्षी काही जणांना घेऊन कॅरिबियन समुद्रात जायचे. पाणी कोमट, नजर लांबवर पोचते, शिकाऊ माणसाला सोपं. पण बेटं पुष्कळ आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. सर म्हणाले, तुम्ही दोघं मिळून एक ठरवा, मी तिथल्या माणसांशी बोलतो. झालं. दर रविवारी सकाळी लिफ्टवाले आमच्याकडे यायला लागले आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर बेटांचे फोटो पसरायला लागले.

लिफ्टवाल्यांना बोनेर हवं होतं. “सपाट आहे हो बेट. रस्त्याच्या कडेला पिवळे दगड लावलेत, दगडावर जागेचं नाव. गाडी थांबवायची, टाकी पाठीला बांधायची आणि चालत पाण्यात शिरायचं. बसथांब्यासारखं.”

“बसथांब्यावर उभं राहायला एवढ्या लांब कशाला जायचं?” वन्सं म्हणायच्या. त्यांना सबा हवं होतं. एकच डोंगर, समुद्रातून सरळ वर आलेला. पाण्याखालीही तसेच सुळके, त्यांच्या अंगावर प्रवाळ.

“त्याला धड किनारा नाही,” लिफ्टवाले म्हणायचे. “मग उभं कुठे राहायचं?”

“उभं राहायला चाललोय का आपण?”

“होडीतून उलटं पाण्यात पडायचं आणि परत येताना शिडी चढायची! कवळीबाई, जन्मभर शिडीच चढलोय मी.”

“आणि मी जन्मभर सपाट टेबलापुढे बसलेय.”

असं चालायचं. मी भाजी निवडत ऐकायचे. मधूनच टोबॅगो निघायचं, केमन निघायचं, दोघं मिळून त्याला नाकं मुरडायचे आणि परत आपापल्या बेटावर यायचे. इतकी वर्षं मी वन्संना कुणाशी भांडताना पाहिलं नव्हतं. भांडणात त्यांना एकदाही वाटलं नाही की चूक आपली असेल. सर विचारायचे, “ठरलं का?” दोघं एका सुरात म्हणायचे, “या मोसमात नको. पुढच्या.”

नळीचं काय करायचं, हा प्रश्न वन्संनी आपल्या हातात घेतला. कवळी काढून ठेवायची आणि थेट हिरड्यांवर बसेल असा रबरी तुकडा करायचा. त्यासाठी तोंडाचा ठसा हवा. तो घेणं डॉक्टरांचं काम, पण वन्सं म्हणाल्या, हे काही औषधपाणी नाही. एका रविवारी लिफ्टवाले गळ्यात टॉवेल बांधून आमच्या खुर्चीवर आ करून बसले. वन्संनी तोंडात ठशाचा लगदा भरलेला साचा घातला आणि तो घट्ट होईपर्यंत हनुवटी धरून उभ्या राहिल्या. नंतर स्वयंपाकघरात हात धुताना मला म्हणाल्या, “इतकी वर्षं जबडे हाताळले. ते गरम असतात, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं गं.”

तुकडा झकास झाला. मुली त्याला चोखणी म्हणायच्या. “काका, चोखणी आणलीत का?” लिफ्टवाले खिशातून डबी काढून दाखवायचे. त्या चोखणीनं ते तलावाच्या तळाशी आरामात बसून राहायला लागले. वन्सं समोर. दोघं खुणा करून एकमेकांना विचारत, बरं आहे ना. एकदा मी बघायला गेले होते. वरून दोघांचे बुडबुडे तेवढे दिसत होते, शेजारी शेजारी.

काही महिन्यांनी एका रविवारी लिफ्टवाले म्हणाले, “डावीकडे खाली जरा टोचतंय.”

“आणा.” वन्सं डबी घेऊन मागच्या खोलीत गेल्या. यंत्राचा आवाज आला. “आता?”

“आता मस्त.”

पुढे तिथेच परत टोचलं. वन्संनी परत घासलं. मग कवळीही तिथेच लागायला लागली, तीही घासली. “ठसा घेताना माझा हात हलला असणार,” त्या म्हणायच्या. मी एकदा म्हटलं, “डॉक्टरांना दाखवून या ना.” लिफ्टवाले हसले. “दात असते तर गेलो असतो. नुसत्या हिरड्या बघायचे पैसे कशाला द्यायचे?” आणि वन्संनी बोट घालून कुठे लागतंय ते बघितलं, की लिफ्टवाल्यांचा चेहरा असा व्हायचा, की दुखतंय का बरं वाटतंय ते कळायचं नाही. टोचणं थांबायचं. वन्संचा हात फार हलका होता. नखभर घासून त्या दुखणं नाहीसं करायच्या. एकेका रविवारी एकेक नख. त्या दिवसांत दोघांचंही लक्ष बेटांकडेच होतं.

शेवटी वन्संनी ठरवलं की किती डागडुजी करायची, नवीनच करू. नवा ठसा घेतला. संध्याकाळी स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांनी नवा जबडा ठशातून सोडवला आणि जुना शेजारी ठेवला. मी शेंगा सोलत होते. वन्संनी नव्या जबड्यावरून अंगठा फिरवला. मग जुन्यावरून. मग परत नव्यावरून. त्यांनी पुन्हा प्लॅस्टर कालवलं, पुन्हा ओतलं आणि ते वाळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. तो जबडा बाहेर आला, त्यालाही डावीकडे तसाच उंचवटा.

“बुडबुडा असेल,” मी म्हटलं. इतकी वर्षं ऐकून मलाही थोडं कळायला लागलं होतं.

“बुडबुडा नाही. प्लॅस्टर बरोबर आहे.” वन्संनी दोन्ही हात ओट्यावर टेकले. “तोंड चुकलंय.”

दवाखान्यात मी बरोबर गेले. लिफ्टवाल्यांची लेकही होती. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. तपासण्या झाल्या, हिरडीतली गाठ जबड्याच्या हाडात उतरली होती. डॉक्टर म्हणाले, “कवळी वापरणाऱ्यांना खरं तर हे लवकर कळतं. असं काही झालं की कवळी टोचायला लागते आणि माणूस धावत येतो. तुम्हाला टोचलं नाही का?”

“टोचायचं की,” लिफ्टवाले म्हणाले. “पण टोचलं की या घासून द्यायच्या.” आणि वन्संकडे हात करून त्यांनी कौतुकानं सांगितलं, “फार चांगला हात आहे यांचा.”

वन्सं खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पर्स मांडीवरून उचलली आणि परत मांडीवर ठेवली. लेकीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. दुसऱ्या एखाद्या घरात आरडाओरडा झाला असता. तो झाला असता तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

वन्सं कामावर जात राहिल्या, पण घासायचं काम त्यांनी सोडलं. मालकांच्या मुलाला सांगितलं, मला नुसतं प्लॅस्टर ओतायला ठेव. तो घरी फोन करून विचारायला लागला, “आत्यांचं काही बिनसलंय का?” मी काय सांगणार? मी एकदा धीर करून म्हटलं, “वन्सं, तुम्हाला कसं कळणार होतं? तुम्ही डॉक्टर थोड्याच आहात?”

“मी रोज हात लावत होते,” त्या म्हणाल्या. “डॉक्टर कुठे लावत होते?”

लिफ्टवाल्यांच्या जबड्याचा डावीकडचा भाग काढून टाकला. लेक त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. खिडकीपाशी पलंग, शेजारी तिपाई, तिपाईवर पेल्यात प्यायची नळी. लेक वाईट वागली असती तर वन्संनी जाणं थांबवलं असतं. ती म्हणाली, “काकू, तुम्ही येत जा. तुम्ही आलात की बाबा उठून बसतात.” मग वन्सं कामावरून सुटल्या की रोज तिकडे जायला लागल्या.

लिफ्टवाल्यांचे ओठ नीट जुळत नव्हते. ब हे अक्षर त्यांच्या तोंडातून गेलं. बोनेरचं ‘ओनेर’ झालं, सबाचं ‘सआ’. बाई म्हणायला गेले तर नुसतं ‘आई’ यायचं, म्हणून त्यांनी वन्संना हाक मारणंच सोडलं. पण बेटांवरून भांडण चालूच राहिलं. पाण्याखाली आता जाता येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, लिफ्टवाल्यांनी स्वतः विचारून घेतलं होतं. वन्संनाही माहीत होतं. तरी फोटो तिपाईवर पसरायचे, ‘ओनेर’ आणि ‘सआ’ सुरू व्हायचं. बोलून दमले की लिफ्टवाले बोनेरच्या फोटोवर बोट ठेवून टकटक करायचे. वन्सं त्यांचं बोट उचलून सबावर ठेवायच्या.

मला ते बघवेना. घरी येताना म्हटलं, “वन्सं, एकदा त्यांचं म्हणणं मान्य करून टाका ना. बोनेर तर बोनेर. त्यांनाही बरं वाटेल.”

“आणि मग?”

“मग काय? ठरलं म्हणायचं.”

“ठरलं की तारीख विचारतात,” वन्सं म्हणाल्या. “तू नको सांगू मला.” असं तोडून त्या माझ्याशी पहिल्यांदाच बोलल्या.

गाठ परत आली. या वेळी काढण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं लेकीनं दारातच हळू आवाजात सांगितलं. त्या दुपारी मी वन्संबरोबर होते. लिफ्टवाले उशीला टेकून पडले होते, चेहरा एका बाजूला खचलेला, हात पांघरुणावर. वन्सं खुर्ची ओढून बसल्या, फोटो काढले आणि आल्या आल्या सुरू झाल्या.

“तुमच्या बोनेरला म्हणे गाढवं मोकाट फिरतात. कपडे काठावर ठेवून पाण्यात गेलं आणि गाढवानं खाल्ले तर? घरी काय घालून यायचं?”

एरवी यावर ते घशातल्या घशात हसले असते आणि सबावर उलटले असते. त्यांनी हात जरासा वर केला.

“सआ,” ते म्हणाले.

“हो, सांगते ना सबाचं. आधी बोनेरचं—”

“सआ,” त्यांनी मान हलवली. “चालेल. तुझं घेऊ.”

त्यांनी वन्संना एकेरी कधी म्हटलं नव्हतं. वन्संच्या हातातले फोटो तसेच राहिले. मी खिडकीबाहेर बघायला लागले.

“छे, काहीतरीच!” वन्सं म्हणाल्या. आवाज त्यांनी मुद्दाम मोठा काढला होता. “सबाला काय आहे? सदा डोंगरावर ढग. दिवसा अंधारून येतं. घरं बघितलीत का, सगळी चढावर. भाजी आणायला गेलं तरी दम लागायचा.”

त्यांनी डोळे मिटून मान डोलावली, होकाराची.

“आणि विमान उतरायची जागा केवढीशी! वैमानिकाला शिंक आली तर थेट समुद्रात.”

मान हलली. ओठांची एक कड जराशी वर गेली.

“अहो, भांडा ना,” वन्सं म्हणाल्या. “असं काय करता? प्रवाह आहेत तिथे. जोराचे असतात म्हणे. धरायला काही नाही. पाण्यात शिरलं की माणूस भलतीकडेच वाहत जातो.”

“जाऊ दे,” ते म्हणाले. त्यात ओठांचं फारसं काम नव्हतं, शब्द स्वच्छ आले.

लेक औषध घेऊन दारात आली होती, ती तिथेच थांबली. वन्संनी वर पाहिलंच नाही. त्यांनी बोनेरचे फोटो वर घेतले, एकेक करून पांघरुणावर मांडले आणि वाकून सांगायला लागल्या, की हे बघा, जमीन किती सपाट आहे, पाणी कसं काठापाशीच खोल होतं, गाडी अगदी जवळ लावता येते, गुडघ्यांना काही त्रास नाही. लिफ्टवाल्यांची बाजू त्या एकट्याच मांडत होत्या, आणि समोरून कुणी विरोध करत नव्हतं.